चाखायला माणूस

"बाटला तो डबा! हात लावू नकोस. चिमट्यानं उचल नि बाहेर टाक."

रसायनाचे प्रोफेसर आपल्या विद्यार्थ्यावर ओरडले. त्या डब्यातलं ताक मी नुकतंच प्याले होते. त्यांनीच पाजलं होतं.

लढाईचे दिवस. सांगलीत कॉलेजच्या मागं पत्र्याची खोली होती, तिथं मी झाडलोट करायची. जातीनं महार. चौथी शिकलेली. प्रोफेसर लाख आणि जवसाचं तेल कढवून रोगण करायचे. ते डब्यांना आतून लावून भट्टीत भाजायचे. डबा गंजू नये, पलटणीला पाठवलेलं अन्न नासू नये, म्हणून. पोरांना शिकवायचे, "भाजलं की याचे कण साखळीसारखे एकमेकांत गुंततात. मग या थरातून काही आत जात नाही, बाहेर येत नाही."

आंबटानं रोगण सुटतं का ते बघायला डब्यात रात्रभर ताक ठेवायचे. सकाळी चाखायला मला हाक. मांजराला का पाजत नाही, असं एका पोरानं विचारलं होतं. प्रोफेसर म्हणाले, "मांजर चव सांगेल का? माणूसच पाहिजे."

मला तेव्हा बरं वाटलं. माणूस म्हणाले.

त्या सकाळीही चव विचारून झाली. कडू नाही, घशात खवखव नाही. रोगण टिकलं म्हणून तो विद्यार्थी खुशीत डबा बघायला पुढं आला, तेव्हाच ते ओरडले.

मी म्हणाले, "सायेब, ह्यातनं कायबी आत जात न्हाई म्हनता. मग माझा इटाळ कसा गेला?"

पोरं हसली. प्रोफेसरही हसले. "अगं, ते रसायन. ही रीत." आणि ताकाचा दुसरा डबा लांबूनच पुढं सरकवला. "हे रोगण नवं आहे. पी."

चाखायला माणूस. चाखून झालं की विटाळ. डोक्यात लख्ख झालं.

"आदी तुमी प्या."

"मी? आणि काही झालं म्हणजे?"

मी ताक जमिनीवर ओतलं नि निघाले.

घरी सासू म्हणाली, "घोटभर ताकच व्हतं की गं. चांगलं काम घालीवलंस."

"मग तुमी जावा, आत्याबाई."

ती गेली नाही.

प्रोफेसर तसे वाईट नव्हते, असं लोक सांगतात. मला सांगू नका. त्यांनी माझी जीभ वापरली आणि माझं तोंड बाटगं ठरवलं. मी माफ केलेलं नाही, करणार नाही. नातींना एवढंच सांगते, कुणी म्हणालं, 'तू आधी घेऊन बघ,' तर आधी त्याला पाज. तो प्यायला नाही, तर त्याच्यासमोर ओतून टाक.