तात्यांच्या गाडीचा पासंग

आमच्या खालच्या मजल्यावरचे तात्या तराजू दुरुस्त करतात. वाण्याचा काटा, सोनाराचा काटा, रद्दीवाल्याचा काटा, प्रसूतिगृहात बाळ ठेवतात तो काटा, सगळे त्यांच्या हाताखालून जातात. गेल्या तीस वर्षांत या गावात जे काही वजनानं विकलं गेलं किंवा वजनानं जन्माला आलं, त्याच्या खरेपणाची जबाबदारी तात्यांवर आहे, आणि ती ते चेहऱ्यावर घेऊन हिंडतात.

वयाच्या चौथ्या वर्षी त्यांना ताप आला. "ताप उतरला, पण पाय घेऊन उतरला," असं ते सांगतात, आणि समोरच्यानं हळहळायला तोंड उघडायच्या आत विचारतात, "तुमचा काटा शेवटचा कधी तपासला होता?" समोरचा पाणीपुरवठा खात्यातला कारकून असला तरी विचारतात.

दुकानोदुकानी जायला तात्यांकडे बावीस वर्षांची एक पेट्रोलची गाडी आहे. दोनच दारं, पण एकेक दार कपाटाएवढं. मेहुण्यानं, म्हणजे वहिनींच्या धाकट्या भावानं, आपल्या लेथवर दांडा बनवून तिला बसवलाय. डाव्या हातानं दांडा पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की वेग. उजव्या हातात स्टिअरिंगवरची मूठ. ही मूठ पूर्वी त्यांच्या जेवणघरातल्या कपाटाला होती. ते कपाट तेव्हापासून वहिनी सुरीनं उघडतात.

तात्यांचं गाडीत बसणं बघण्यासारखं असतं. चाकाच्या खुर्चीवरून सीटवर एक गुळगुळीत फळी टाकायची, फळीवरून सरकायचं, मग खुर्चीची चाकं काढून तो सगळा संसार स्वतःच्या छातीवरून मागच्या सीटवर टाकायचा. तीन मिनिटं दहा सेकंद. कुणी मदत केली तर सात मिनिटं लागतात.

या गाडीला एक खुळखुळ होती. रस्ता जरा उखडलेला असला की कुठूनतरी खुळखुळ खुळखुळ सुरू. मेकॅनिकनं तिच्यापायी चारदा इंजिन उघडलं, चारदा मान हलवली आणि चारदा बंद केलं. पुढेपुढे तात्यांना ती आवडायलाच लागली. "पायाला तर काही कळत नाही," ते म्हणायचे, "गाडी जिवंत आहे की नाही हे मला कानानंच समजतं. ती खुळखुळ म्हणजे तिची नाडी."

यंदाच्या वाहन-तपासणीत अधिकाऱ्यानं त्या नाडीवर हात ठेवला, गंजलेला तळही पाहिला आणि सांगितलं की एक महिन्यात गाडी ठीक करा, नाहीतर रस्त्यावरून काढा. मेकॅनिक म्हणाला, "ठीक होईल. पण तीन महिने ठेवावी लागेल, आणि पुढच्या वर्षीचं मला विचारू नका."

"तीन महिने मी नेईन की भाऊजींना," मेहुणा म्हणाला. "माझ्या शेजारी बसायचं, गप्पा मारायच्या."

तात्यांचा चेहरा उतरला. मेहुणा मनानं सोनं आहे, पण गाडी चालवताना ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे बघून बोलतो. शिवाय मुद्दा तो नव्हताच. सकाळी नऊला एकट्यानं घराबाहेर पडायचं आणि कुणालाही न सांगता डावीकडे वळायचं की उजवीकडे हे चौकात ठरवायचं, एवढं एकच ऐश्वर्य तात्यांनी आयुष्यात मिळवलं होतं. तीन महिने ते मेहुण्याच्या शेजारी ठेवायचं म्हणजे कायमचंच गेलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि त्यांच्या मनानं घेतलं की ते किलोनं घेतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, नवी घ्या ना. विजेवरची."

मेकॅनिक म्हणाला, "त्यापेक्षा हायब्रिड. पेट्रोलही आणि बॅटरीही."

"म्हणजे धड ना इकडची, धड ना तिकडची," तात्या म्हणाले. पण बघायला गेले.

शोरूममधला विक्रेता फारच नम्र होता. इतका, की तात्यांशी एक शब्दही न बोलता तो सगळं वहिनींना विचारत होता.

"काकांना बसता येईल का यात?"

"त्यांना विचारा. मी मागे बसते."

"काकांना किती वर्षं झाली... हे असं?"

"लग्नाला सत्तावीस झाली," वहिनी म्हणाल्या.

हायब्रिडचा निकाल टेपनं लागला. तिची बॅटरी डिकीच्या तळाशी होती, त्यामुळे लोखंडी वजनांचं खोकं डिकीत मावेना. खोकं मागच्या सीटवर ठेवलं तर खुर्ची मावेना. "एकतर मी कामावर जाईन, नाहीतर माझी वजनं," तात्या म्हणाले. "दोघं एकदम जाणार असू तर बोला." शिवाय पेट्रोल पंप काही सुटत नव्हता. आमच्याकडे पंपावर आपलं आपण पेट्रोल भरायचं असतं. तात्या खिडकीतून हॉर्न वाजवतात, आतला माणूस काचेतून प्रेमानं हात हलवतो आणि पुन्हा बसतो.

विजेच्या गाडीत डिकी मोकळी होती आणि चाचणीच्या गाडीला हातानं चालवायचा दांडाही होता. तात्या फळीवरून सरकायला लागले, तर सीट चार बोटं उंच. बॅटरी खाली असते म्हणून जमीनच वर आलेली.

"चढ आहे," तात्यांनी नोंदवलं. चार मिनिटं वीस सेकंद.

बसल्यावर त्यांनी बटण दाबलं आणि वाट बघितली. "सुरू झाली की सांगा," ते विक्रेत्याला म्हणाले.

"झाली की काका."

"पुरावा?"

विक्रेत्यानं पडद्यावरचा हिरवा दिवा दाखवला. तात्यांनी असे हिरवे दिवे पुष्कळ पाहिले होते. खोट्या काट्यांनासुद्धा हिरवाच दिवा असतो. त्यांनी दांडा जरासा दाबला आणि गाडी नुसती निघाली. ना घरघर, ना थरथर, ना खुळखुळ. चौकाजवळ त्यांनी दांडा सोडला, तर ब्रेक न लावताच गाडी आपली आपण हळू होत थांबली. मागच्या सीटवरून वहिनींनी हे पाहिलं. तात्या मात्र घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलत होते, "मढ्यात बसल्यासारखं वाटतं."

रविवारी त्यांनी जाहीर केलं की निर्णय तराजूवर होईल.

यात आम्हाला नवल वाटलं नाही. मुलीनं कुठल्या शाखेला जावं हेही तराजूवरच ठरलं होतं. जेवणाच्या टेबलावर दोन पारड्यांचा जुना पितळी तराजू वहिनींनी पुसून मांडला. डावं पारडं जुन्या गाडीचं, दुरुस्त करून घ्यायची. उजवं विजेच्या गाडीचं. वजनांची पितळी पेटी, जी एरवी गाडीत तात्यांच्या सीटमागे असते, ती त्यांनी मांडीवर घेतली. ज्याला मुद्दा सुचेल त्यानं बोलायचं, वजन तात्या घालणार. पंच म्हणून मला वरून बोलावलं होतं.

"घरीच चार्ज होते," मुलगी म्हणाली. "पंपावर हॉर्न मारत बसायला नको."

तात्यांनी उजवीकडे शंभर ग्रॅम ठेवलं.

"शंभरच? बाबा, परवा पंचवीस मिनिटं बसला होतात!"

"त्यानं हातही हलवला होता. बरं, दीडशे."

"पण बाहेरगावी गेलात तर?" मेहुणा सरसावला. "तो चार्जिंगचा खांब फुटपाथवर असतो. खुर्ची वर चढत नाही. आणि ती केबल म्हणजे अजगर आहे हो!"

डावीकडे दोनशे.

"बाहेरगावी तुम्ही कधी जाता?" वहिनींनी विचारलं.

"जात नाही," तात्या म्हणाले. "पण जाऊ शकतो." दोनशे तसंच राहिलं.

सीट उंच, डावीकडे शंभर. इंजिनच नाही म्हणून मेकॅनिकही नाही, उजवीकडे दोनशे. आवाज नाही, डावीकडे दोनशे. हे सांगताना तात्यांचा आवाज जरा कापला. पुढच्या वर्षीची खात्री आहे, उजवीकडे दोनशे पन्नास.

"आणि माझा दांडा?" मेहुणा म्हणाला. "बावीस वर्षं एकदा तरी दगा दिलाय का त्यानं? नव्या गाडीत कंपनीचा बसवतील. प्लॅस्टिकचा असेल, बघा."

तात्यांनी मेहुण्याकडे पाहिलं आणि डावीकडे शंभर ठेवलं. दोन्हीकडे सहाशे झाले. तात्यांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि काटा मधोमध येईल म्हणून ते मागे टेकले.

काटा डुलला, स्थिरावला, आणि उजवीकडे केसभर झुकून राहिला.

"विजेची," मुलगी ओरडली.

"वजनं सारखी आहेत," मी पंच म्हणून सांगितलं.

"तराजू खोटं बोलत नाही," तात्या म्हणाले. "बेरीज चुकली असेल." ते पुन्हा मोजायला लागले. मग एकाएकी थांबले. त्यांचा चेहरा असा झाला की मी खुर्ची सोडून उठलोच.

तात्यांचा एक नियम आहे. वजन करण्याआधी रिकामी पारडी गिऱ्हाईकाला दाखवायची. तीस वर्षं ते दुकानदारांना यावरून झापत आले होते. एका वाण्याला तर या नियमाची पाटी लिहायला लावून ती त्यांनी त्याच्याच गल्ल्यावर टांगली होती. आणि आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या तोलाच्या वेळी, ते रिकामी पारडी दाखवायला विसरले होते.

त्यांनी सगळी वजनं काढली. रिकामं उजवं पारडं शांतपणे खाली गेलं. तात्यांनी त्याच्या बुडाला बोट लावलं. बोटाला मेणबत्तीच्या मेणाचा गोळा लागला. वाकड्या तराजूचा तोल सारखा करायला पारड्याला जे जास्तीचं वजन लावतात त्याला पासंग म्हणतात. सरळ तराजूला लावला तर त्याला चोरी म्हणतात.

"कुणी?" तात्यांनी विचारलं. मुलगी मामाकडे बघायला लागली. मामा दिव्याकडे.

"मी," वहिनी म्हणाल्या.

"तराजूवाल्याच्या घरात पासंग!"

"मग? सोनाराच्या घरात लावू?"

"अगं, पण का?"

"तुम्ही एक वजन घालायचंच विसरलात म्हणून."

"कुठलं?"

"खांदा."

तात्यांनी डावा हात टेबलावरून मांडीवर घेतला.

"दिवसाकाठी दोनशे वेळा दांडा ढकलता. सहा महिने डाव्या कुशीवर झोपला नाहीत. सदऱ्याची डावी बाही मी घालून देते, तर म्हणता, बाही अरुंद शिवली. चारही सदऱ्यांच्या बाह्या अरुंद? त्या गाडीला ब्रेक ढकलावाच लागत नाही, दांडा सोडला की थांबते. पाहिलं मी. खांदा गेला म्हणजे मग जुनी काय न् नवी काय. शेजारी बसून गप्पाच माराव्या लागतील."

"गप्पा वाईट नाहीत माझ्या," मेहुणा पुटपुटला.

"सांगायचं होतंस," तात्या म्हणाले.

"सांगितलं असतं तर पुरावा मागितला असता."

तात्यांनी मेणाचा गोळा खरवडून काढला आणि छोट्या काट्यावर ठेवला. सवयीचा भाग.

"अठरा ग्रॅम," ते म्हणाले. "माझा खांदा अठरा ग्रॅमचा?"

"जास्त लावलं असतं तर तुम्हाला आधीच कळलं असतं."

तात्यांनी रिकामी पारडी आम्हा सगळ्यांना दाखवली. एकेकाला, अगदी मेहुण्यालासुद्धा. मग दोन्हीकडे पुन्हा सहाशे सहाशे मांडले. काटा मधोमध उभा राहिला. मग त्यांनी पेटीतून अर्ध्या किलोचं वजन काढलं. काढताना डाव्या हातानं काढलं आणि तोंड वाकडं झालं, ते लपवलं नाही. वजन उजव्या पारड्यात ठेवलं. पारडं टेबलाला टेकलं.

"झालं," ते म्हणाले. "पण दांडा याच्याच लेथवरचा हवा."

मेहुण्यानं तिथल्या तिथे नाक शिंकरलं.

महिना भरायला दोन दिवस असताना विजेची गाडी दारात आली. पोर्चमध्ये खुर्चीच्या उंचीवर सॉकेट बसवला होता. मेहुण्याचा दांडा मंजूर व्हायला तीन अधिकारी लागले, आणि तिघांनाही त्यानं तो आपल्याकडे बघायला लावून समजावला. फळीच्या एका टोकाला त्यानं ठोकळा बसवून दिला, त्यामुळे चार मिनिटं वीस सेकंदांचे तीन पन्नास झाले. सोमवारी नऊ वाजता तात्या एकटे निघाले. चौकात थोडा वेळ उगाचच थांबले, मग उजवीकडे वळले. आम्ही गॅलरीतून पाहिलं.

साडेदहाला परत दारात हॉर्न.

"काय झालं? खांदा?" वहिनी धावल्या.

"खांदा बरा आहे. मेकॅनिकला बोलव. खुळखुळ आली."

मेकॅनिक आला आणि गाडीभोवती दोनदा फिरला. "तात्या, हिला इंजिनच नाही. उघडू काय?"

"चला, ऐकवतो."

दोघं निघाले. वळणावरच्या उखडलेल्या रस्त्यावर गाडी गेली आणि त्या शांततेत खुळखुळ इतकी स्वच्छ ऐकू आली की मेकॅनिकनं नुसता हात मागे नेला आणि सीटमागून वजनांची पेटी उचलून तात्यांच्या मांडीवर ठेवली. खुळखुळ थांबली. पेटी खाली ठेवली, सुरू झाली. दोनशे ग्रॅमच्या खणातली मखमल झिजली होती.

"चारदा इंजिन उघडलं मी," मेकॅनिक म्हणाला.

तात्यांनी दुपारी ते दोनशे ग्रॅमचं वजन तपासलं. प्रमाणित वजन असं खुळखुळत राहिलं तर झिजतं आणि मग त्याला काही अर्थ राहत नाही. ते त्यांनी फ्लॅनेलमध्ये गुंडाळून पेटीच्या दुसऱ्या कप्प्यात घट्ट बसवलं. वहिनींनी रिकाम्या खणासाठी मखमलीचा तुकडा कापून आणला होता. तात्यांनी तो बाजूला ठेवला, ड्रॉवर उघडला, कधीच बाद झालेलं एक जुनं वजन शोधून काढलं, खणात टाकलं आणि पेटी कानाशी धरून एकदा हलवून पाहिली.