अंगठे बांधलेले पाय

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या असं आम्ही सगळ्यांनी धरलं. श्वास कळेना, अंग गार. गल्लीतल्या जाणत्या माणसांनी सांगितलं म्हणून त्यांना जमिनीवर घेतलं, तोंडात गंगेचं पाणी घातलं, आणि ह्यांनी आईच्या पायांचे अंगठे एकत्र बांधले. मनमाडहून त्यांचे भाऊ माहेरची शेवटची साडी घेऊन निघालेसुद्धा. तेवढ्यात त्या खोकल्या. भाऊ पोचले तेव्हा त्या भिंतीला टेकून चहा पीत होत्या.

आमच्या सातपूरच्या गल्लीतली कितीतरी बाळं त्यांच्या पायांवर न्हाली आहेत. त्या दिवसानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही.

उन्हाळ्यात माझी मुलगी बाळंतपणाला आली. तिच्या सासूबाईंनी वणीहून फोनवर बजावलं, ज्या पायांचे अंगठे बांधले त्या पायांवर बाळ ठेवायचं नाही. बाळ झाल्यावर पलीकडच्या गल्लीतली एक मावशी न्हाऊ घालायला लावली. ती आली की माझ्या सासूबाई उठून मागच्या ओट्यावर जाऊन बसत.

एका दुपारी मुलीने टीव्हीवर जुना भुताचा पिक्चर लावला. काळापांढरा, परदेशातला, बोलणं हिंदीत केलेलं. त्यात एक मेलेला माणूस थडग्यातून उठून आपल्या गावी येतो. कुणाला काही करत नाही, तरी लोक दारं लावून घेतात. घरी येतो तर बायको कडी काढते, त्याचा हात बघते आणि कडी परत लावते. त्याच्या तोंडाला पीठ फासल्यासारखं दिसत होतं म्हणून मुलगी आधी हसत होती. मग हसायची थांबली.

सासूबाई पुढे सरकून बघत होत्या. "आता हा कुठं जाईल?"

"आजी, तो मेलाय," मुलगी म्हणाली.

"मेलाय खरा. पण आलाय ना."

शेवटी तो आपला आपण थडग्यात जाऊन पडला. सासूबाई उठल्या आणि मागच्या ओट्यावर गेल्या.

मला चार माणसांत बोलता येत नाही. दारात कुणी आलं तरी मी मानेनेच उत्तर देते. पण दुसऱ्या सकाळी मावशी आली तेव्हा मी उंबऱ्यातच म्हटलं, "मावशी, आजपासून नका येऊ." ती बडबडत गेली.

मी न्हाणीत पाट ठेवला, पाणी काढलं. सासूबाई सवयीने ओट्याकडे निघाल्या होत्या.

"आई, बसा," मी म्हणाले.

त्या पाटाकडे बघत उभ्या राहिल्या. मग मुलीला विचारलं, "सासूला काय सांगशील?"

"त्या वणीला आहेत, आजी," मुलगी म्हणाली आणि बाळाचं दुपटं सोडू लागली.

सासूबाई बसल्या. साडी गुडघ्यापर्यंत घेऊन पाय लांब केले, कोपर बुडवून पाणी पाहिलं. गार आहे म्हणाल्या, अजून एक तांब्या कढत घाल.