जयंतीला भिंत उघडीच राहील

४ एप्रिल. विहाराच्या मागच्या भिंतीच्या दर्जा भरायच्या होत्या. म्हणजे दोन विटांमधल्या फटी खरवडायच्या, धुवायच्या आणि त्यात नवा चुना दाबायचा.

विहार आमच्या वस्तीतल्या जुन्या लोकांनी बांधलेला. जोतं काळ्या दगडाचं, वर चुन्यात बसवलेल्या भाजक्या विटा. पुढे कमिटीने आतून सिमेंटचं प्लास्टर केलं, त्यावर चकचकीत ऑइल पेंट. तेव्हापासून भिंत ओलीच. गेल्या पावसाळ्यात, संध्याकाळी मुली अभ्यासाला बसल्या असताना, ताटाएवढं प्लास्टर त्यांच्या दप्तरांवर पडलं. विटांचा पुढचा भागही त्याला चिकटून निघाला.

यंदा साफसफाईला आम्ही महिला मंडळाच्या बायकांनी लाकडी कपाट सरकवलं. प्लास्टरवाल्यांनी ते हलवायचा कंटाळा केला असणार, कारण मागे नुसत्या विटा होत्या आणि त्या ठणठणीत कोरड्या. ओल प्लास्टरमुळेच, हे कळायला मला तेवढं पुरलं. मंडळाने गवंडी आणला, सगळं प्लास्टर पाडलं. सडक्या विटा काढून तिथे पडक्या मोरीच्या जुन्या विटा बसवल्या.

दुपारी सिमेंटच्या गोण्या घेऊन टेम्पो आला. सोबत कमिटीचा अध्यक्ष, म्हणजे माझा धाकटा दीर.

"वैनी, उद्यापासून प्लास्टर. जयंतीच्या आधी रंग सुकायला पायजे."

"नाय करायचं. भिंत आतून ओली हाय. उन्हाळाभर उघडी राहू दे, मग चुन्याचा गिलावा देऊ."

"नागड्या भिंतीसमोर जयंती? मुरबाडचे पाहुणे येनार. हसतील."

"हसू दे. फोटो टेबलावर ठेवू."

"तुमी कधीपासून इंजिनेर झाल्या?"

"भावजी, तुमी शाळेत होता तवा मी आसनगावला बिल्डिंगांवर घमेली उचलत होते. आता सिमेंट लावलं की पाणी आत कोंडणार. पुढच्या पावसात भिंत पोरींच्या डोक्यावर आली, तर तवा तुमचे पाहुणे येनार नायत."

गवंडी थापी हातात धरून दोघांकडे बघत होता. "ताई, मी काय करू?"

"तुम्ही चहा प्या."

दिराने गोण्या विहाराच्या कोपऱ्यात उतरवून घेतल्या. जाताना गवंड्याला बजावलं, "सकाळी आल्या आल्या सिमेंट कालवायला घे. बायकांचं ऐकशील तर दुसऱ्या कामाला बोलवनार नाय."

त्यानंतर मी वाद घातला नाही. घरोघर फिरून मंडळाच्या बायकांना सकाळी लवकर यायला सांगितलं. एकीने विचारलं, "भांडायला काय गो?" म्हटलं, नाय, उचलायला.

सकाळी एकेका गोणीला दोघी लागलो. सगळ्या गोण्या दिराच्या पडवीत नेल्या. ओल लागून सिमेंट वाया जाऊ नये म्हणून खाली फळ्या टाकल्या, वर प्लास्टिक झाकलं. दीर तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला.

"वैनी, ह्या काय?"

"तुमच्या संडासाचं काम राहिलंय ना? त्याला लागेल."

मग विहारात आले, कालच्या दर्जांवर पाणी मारलं आणि दारात घुटमळणाऱ्या गवंड्याच्या हातात चुन्याचं घमेलं दिलं.