देऊळ म्हटलं की बूट काढायचे!

चहा ओता मंडळी, आणि माझी अक्कल किती, ते एकदाच ऐकून घ्या! सुमन, म्हणजे माझी बायको, असती तर हा किस्सा तिनेच सांगितला असता, चांगला तिखटमीठ लावून. आता ती नाही, म्हणून माझी अब्रू मलाच घालवावी लागते.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मुलगा निखिल नोकरीसाठी मेक्सिकोत, आणि आम्ही दोघं पंचवटीतून थेट तिकडे! वीस वर्षं माझ्या आईचं अंथरूण सांभाळताना सुमन वणीच्या गडापलीकडे गेली नव्हती. तिची मागणी एकच. जंगलातला धबधबा बघायचा आणि त्याखाली दोघांनी उभं राहायचं. मी शब्द दिला होता.

निखिलला ऑफिस. त्याने आम्हाला सहलीच्या बसमध्ये बसवून दिलं. सकाळी माया लोकांची जुनी पडकी देवळं, दुपारी धबधबा. सुमनच्या पायात आयुष्यातले पहिले स्पोर्ट्स शूज! नाड्यासुद्धा निखिलनेच बांधल्या.

देऊळ कसलं, दगडी डोंगरच तो! गाइडने तासभर मोकळं सोडलं. मी पायरीपाशी वाकून बूट काढले.

"अहो, इथे कोणी काढत नाहीये."

"देऊळ म्हटलं की काढायचे! तू पण काढ."

"मला या नाड्या परत बांधता यायच्या नाहीत. मी इथूनच हात जोडते."

आपल्याकडे फुलवालीपाशी चपला ठेवतो ना? इथे कुठली फुलवाली! मी बूट भिंतीशी नीट लावले, पायरीला हात लावून कपाळाला लावला. मागे एक गोऱ्या आजीबाई उभ्या. त्यांनी माझ्या कपाळावरचं गंध पाहिलं आणि स्वतःच्या बुटांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. आता काळ्या रामाच्या दारात वाढलेला माणूस काय सांगणार? मी खुणेने सांगितलं, काढा!

त्यांनी काढले. मग त्यांच्यासोबतच्या आजोबांनी. मग अख्ख्या बसने! त्यांना वाटलं, हा कोणी पुजारीच, याला देवळाचे नियम ठाऊक. आणि मला वाटलं, काय ही श्रद्धा! डोळे भरून आले हो माझे. वर पोचल्यावर सगळ्यांना प्रदक्षिणाही घालायला लावल्या.

तोवर ऊन माथ्यावर आलं आणि दगड तव्यासारखे तापले. उतरताना तीस माणसं नुसती नाचत होती!

गाइड धावत आला. "बूट कोणी काढायला सांगितले?"

तीस बोटं माझ्याकडे वळली.

धबधब्यापाशी बस थांबली तेव्हा सगळ्यांच्या पायांना फोड आणि त्यांवर ओले रुमाल. पुढे जंगलातून अर्ध्या तासाची पायवाट. गाइडने विचारलं, कोण येणार? एकच हात वर आला. सुमनचा.

"अगं, आपण दोघं जाणार होतो ना?"

"पाय टेकवून बघा बरं."

मी टेकवला आणि किंचाळलो.

"बसा मग," ती म्हणाली आणि निघाली. तिची हिरवी साडी झाडांत दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीतून बघत राहिलो. दिलेला शब्द मोडल्याचं इतकं वाईट आयुष्यात वाटलं नव्हतं.

दोन तासांनी परत आली ती नखशिखांत भिजून. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

"कसा होता गं धबधबा?" मी चाचरत विचारलं.

केस पिळत म्हणाली, "फार सुंदर! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुठेतरी गेले, जिथे हे काढ, ते कर म्हणणारं कोणी नव्हतं!"