हाय ना, भाऊ?

सुजाताताई फोनवर बोलता बोलता मध्येच विचारायच्या, "हाय ना, भाऊ?" आपण लगेच "हाय" म्हणायचं. लागोपाठ दोन-तीनदा उत्तर आलं नाही की त्या फोन कापून दुसऱ्या नंबरवरून लावत आणि बोलणं तुटलं तिथूनच पुढे सुरू करत. तोंडात घास होता, ही सबब चालत नसे.

जवळा बाजार गावच्या या बाई वसमतला आमच्या हळद यार्डात नेटवर्क सांभाळायच्या आणि मी लिलावाच्या संगणकावर बसायचो. ऑनलाइन लिलाव त्यांनीच हट्टानं आणला होता. बाहेरगावचे व्यापारी बसल्या जागी बोली लावू लागले, तसा हळदीचा भाव चढला. पण रस्त्याचं काम निघालं आणि खोदकामाच्या यंत्रानं आमची केबल तोडली. टॉवरवरून दुसरा मार्ग होता, पण पहिला मेल्याचं आमच्या स्विचला, म्हणजे नेटवर्कची वाट ठरवणाऱ्या यंत्राला, कळलंच नाही. केबल आधी एका मधल्या डब्यात यायची आणि डब्यापासून स्विचपर्यंतची तार शाबूत होती, म्हणून त्याच्यावरचा दिवा हिरवाच. तो निवांत वाट पाहत बसला आणि तेवढ्यात ऐन रंगात आलेल्या बोल्या गेल्या. यार्डाच्या मालकांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर ऑनलाइन बंद आणि ताईंचं कामही बंद.

ताईंनी केबलच्या दोन्ही टोकांच्या स्विचना आपलीच खोड लावली. डोळ्याचं पातं लवायच्या आत एकमेकांना 'आहेस ना?' विचारायचं, आणि काही उत्तरं लागोपाठ चुकली की ताबडतोब दुसरा मार्ग धरायचा. पण सरावाच्या लिलावात भलतंच झालं. पत्र्याच्या शेडमधला आमचा जुना स्विच कामाच्या गर्दीत उत्तराला किंचित उशीर करी, की पलीकडचा त्याला मेलेला ठरवून मोकळा. धडधाकट मार्ग सारखा बंद-चालू होऊ लागला. ताईंना स्वतःचंच हसू आलं.

"हे तर माझ्यावाणीच उतावीळ झालं की. म्हाताऱ्याला जरा दम खाऊ द्यावा," म्हणत त्यांनी वाट पाहण्याची वेळ थोडी वाढवली.

खऱ्या लिलावाला मालक पडद्यासमोरच खुर्ची टाकून बसले. बोल्या जोरात चालल्या असताना खोदकामाच्या यंत्राचा ड्रायव्हर मान खाली घालून दारात आला.

"मालक, चूक झाली. तुमची केबल पुन्हा तुटली."

मालकांनी पडद्याकडे पाहिलं. आकडे चढतच होते. कधी तुटली म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, मघाशीच. सांगायची हिंमत होईना म्हणून चहा पिऊन आलो.

"मला ठाव होतं," ताई लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाल्या. "म्हणलं बघू, आणखी कोणाच्या ध्यानात येतं का."

मालक पोट धरून हसले आणि त्यांनी ड्रायव्हरला दुसरा चहा पाजला. मला तर जग जिंकल्याचा आनंद झाला होता. मी टेबलावर अशी थाप मारली की माउस खाली पडला.

ताई आता पुण्यात मोठ्या नोकरीवर आहेत. आमची केबल अजूनही अधूनमधून तुटते, पण लिलाव थांबत नाही. परवा त्यांचा फोन आला, तेव्हा मी खोडी काढायची म्हणून एकाही "हाय ना?"ला उत्तर दिलं नाही. फोन कापला गेला. मी तो खिशात ठेवायच्या आत दुसऱ्या नंबरवरून वाजलाही.