पऱ्हाटीचं शुद्धलेखन

दोस्तहो, आज डोकंच फिरलं.

आम्ही काही जण मिळून बोंडअळीच्या माहितीचं एक ऑनलाइन पान चालवतो. ते कोणीही दुरुस्त करू शकते. सकाळी दारव्ह्याहून सलीमभाईचा फोन आला. "भाऊ, अळी कपाशीवर पडली अन् तुम्ही तुऱ्हाटी उपटा म्हणता? माही तूर शेंगांनी लदली हाये, कायले उपटू?"

अरे, मी तर 'पऱ्हाटी उपटा' लिहिलं होतं! पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड.

पानाचा इतिहास उघडला. ओळीमागून ओळ एकच: 'किरकोळ शुद्धलेखन.' कोणी केलं, कधी केलं, सगळं हाये. कोणता शब्द काढून कोणता घातला अन् काहून, ते मात्र नाही. एकेक जुनं पान उघडून ताडत बसलो. असा इतिहास काय चाटायचा? जुना शब्द, नवा शब्द अन् कारण एका ओळीत दिसलं तर काय बिघडते?

शेवटी पऱ्हाटी परत लिहिली. कारणही लिहिलं: 'हा कपाशीचा शब्द हाये, हात लावू नका.'

आत्ता पाहिलं तर त्यावर नवी ओळ: 'किरकोळ शुद्धलेखन.'

अन् पानावर लिहून हाये, 'पराठे उपटून टाका.'

सांगा, सलीमभाईले आता काय सांगू?