भिवाजींची हाक

पोशीरच्या इंदूबाई दहिवलीतल्या विशेष मुलांच्या शाळेत मदतनीस. मुलांचे हात धुवायचे, डबा भरवायचा, नाक पुसायचं. एखादं पोर डोकं आपटायला लागलं की तिथल्या शिक्षिका सुरभीबाई रागवायच्या नाहीत. वही घेऊन आठवडाभर नुसत्या बघायच्या, मग हळूच काहीतरी बदलायच्या. अकरा वर्षं इंदूबाई हे पाहत होत्या.

घरी त्यांचे यजमान भिवाजी. जन्म गेला खोपोलीच्या कारखान्यात, मशीनच्या वरताण बोलण्यात. निवृत्त झाल्यावर मशीन सुटली, आवाज राहिला. संध्याकाळी ओट्यावर बसून "इंदेऽ, पाणी!", "इंदेऽ, चष्मा!" चालू. शेजारचा विलास दचकून घास खाली ठेवायचा.

एकदा डबे घासताना इंदूबाईंनी विचारलंच, "बाई, तुमची ही रीत म्हाताऱ्याला चालंल का?"

"माणसाला चालते, मावशी. आधी सांगा, ओरडणं नेमकं कशाला म्हणायचं?"

इंदूबाईंनी विचार केला. "विलासला ऐकू गेलं की ओरडणं."

"छान. आता आठवडाभर फक्त मोजा. हाकेच्या आधी काय झालं आणि हाकेनं काय मिळालं, तेही बघा."

इंदूबाई कॅलेंडरवर रेघा मारत राहिल्या. रोज संध्याकाळी चौदा-पंधरा हाका. गंमत म्हणजे पाण्याचा तांब्या भिवाजींच्या हाताशीच असायचा आणि चष्मा कपाळावर. त्या स्वयंपाकघरात गेल्या की दहाव्या मिनिटाला हाक ठरलेली. बाहेर त्यांच्याजवळ भाजी निवडायला बसल्या तर एकही नाही.

"म्हणजे काकांना पाणी नकोय," सुरभीबाई म्हणाल्या. "तुम्ही हव्यात."

इंदूबाईंनी घासलेलंच झाकण पुन्हा घासलं.

मग बेत ठरला. ओरडले तर जायचं नाही. आत येऊन साध्या आवाजात बोलले, तर हातातलं टाकून लगेच लक्ष द्यायचं. "पण मावशी, आधी ओरडणं वाढेल. तेव्हा गेलात तर आणखी मोठ्यानं ओरडायला शिकतील."

तसंच झालं. तिसऱ्या दिवशी सव्वीस हाका. शेवटी विलास कुंपणावरून उडी मारून आला. "काकी, काका पडले का?"

"नाय रं, धडधाकट हायेत. बस, चहा घे."

विलासला चहा मिळालेला पाहून भिवाजी उठले, स्वयंपाकघराच्या दारात आले आणि रुसक्या, पण हळू आवाजात म्हणाले, "मला पन दे की गं."

इंदूबाईंनी कणकेचे हात तसेच ठेवून त्यांना पाट दिला, चहा दिला, समोर बसल्या. भिवाजींनी परसात आलेल्या मुंगसाची गोष्ट वीस मिनिटं सांगितली. त्यांनी सगळी ऐकली.

महिन्याभरात हाका दोन-तीनवर आल्या. भिवाजी आपणहून आत येऊन लसूण सोलायला लागले. मग बाईंच्या सांगण्यावरून इंदूबाईंनी लगेच लक्ष देण्यात हात जरा आखडता घेतला. "थांबा, फोडनी झाली की बसते," म्हणायच्या. भिवाजी थांबायचे. सोललेला लसूण मात्र गरजेपेक्षा फार व्हायचा.

"घरात जमलं," सुरभीबाई म्हणाल्या, "आता बाहेर जमतं का पाहा."

कळंबला भाच्याचं लग्न होतं. पंगतीच्या वेळी भिवाजी बायकांच्या घोळक्याकडे आले, वाकले आणि पुटपुटले, "इंदू, माझ्यासंगं बसतेस का जेवाया?"

नणंदेनं घाबरून विचारलं, "वयनी, दादाला बरं नाय का गं?"

"बरं हाय की," इंदूबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून लगेच उठल्या.